समोरची खुर्ची

पैनगंगा विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात एक नियम होता. विद्यापीठाच्या नियमावलीत तो कुठंच लिहिलेला नव्हता, बहुधा म्हणूनच तो पाळला जायचा. दर गुरुवारी दुपारी विभागात वाद रंगायचा, आणि ज्याला समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल त्यानं आधी उठून समोरच्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. तिथं बसून त्याचीच बाजू मांडायची, तीही इतकी मनापासून की ज्याची ती बाजू आहे त्यानं म्हणावं, "हे माझंच." तेवढं झालं की आपल्या खुर्चीत परत यायचं आणि मग काय खोडायचं ते खोडायचं. "हे माझंच" मिळेपर्यंत उत्तर द्यायची सोय नव्हती.

जुन्या तर्कशास्त्रात याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. आधी दुसऱ्याचं, मग आपलं. खुर्च्यांची भर मात्र यशवंत खिल्लारे सरांची. ते म्हणायचे, डोक्यानं बाजू बदलणं सोपं असतं, बूड हलवणं अवघड.

समोर सर स्वतः असले की "हे माझंच" मिळणं महाकठीण. ते डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "नाही. परत." हेमांगी तिडके हिनं एम.ए.च्या पहिल्या वर्षी ते इतक्यांदा ऐकलं की एका गुरुवारी ती रडत वर्गाबाहेर पडली. सरांनी तिच्यामागं कोणालाही पाठवलं नाही. पुढच्या गुरुवारी ती मुकाट्यानं आली, तेव्हा तिनं उठताना सरकवलेली तिची खुर्ची तशीच तिरकी ठेवलेली होती. सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हं. परत."

ही गोष्ट जुनी. आता, म्हणजे २०४१ साली, हेमांगी त्याच विद्यापीठाची कुलगुरू होती. सर केव्हाच निवृत्त झाले होते. विभाग त्यांची मुलगी संघमित्रा सांभाळत होती. आणि तो विभाग बंद करण्याचा ठराव विद्यापीठाच्या परिषदेपुढं यायचा होता. ठराव कोणा शत्रूचा नव्हता, हेमांगीचाच होता.

याला कारण प्रतिवाणी. विचारलं की उत्तर देणारी यंत्रं तोवर घरोघरी झाली होती, पण ती सगळ्या जगाचं मिळून एक बोलायची, कोणा एका माणसासारखं नाही. विद्यापीठाच्याच संगणकशाळेतल्या रेणू वाकोडेनं पुढची पायरी गाठली. एखाद्या शिक्षकाच्या तासांचं वर्षानुवर्षांचं ध्वनिमुद्रण घ्यायचं. यंत्राला त्यातले शब्द शिकवायचे नाहीत, ते त्याला येतातच. शिकवायच्या त्या वाटा: कोणता प्रश्न आला की हा माणूस उदाहरणाकडे वळतो, कुठं थबकतो, कुठं उलटा सवाल टाकतो, कोणत्या शब्दावर हटून बसतो. मग त्या मोठ्या यंत्रावर या वाटांचा एक पातळ थर चढवायचा, पोळीवर तूप लावावं तसा. पोळी सगळ्यांची तीच, चव तुपाची. विद्यार्थ्यानं कानात एक मणी घातला की त्या शिक्षकाच्या आवाजात, त्या शिक्षकाच्या वळणानं यंत्र त्याच्याशी बोलायचं, आणि त्याच वेळी आणखी हजारोंशी. वापरता वापरता ते सुधारतही जायचं. कुठल्या बोलण्यावर विद्यार्थी टिकला आणि कुठल्या बोलण्यावर उठून गेला, एवढं पाहून ते स्वतःला जुळवून घ्यायचं.

गुरुवारच्या वादांचं ध्वनिमुद्रण संघमित्रानं विद्यार्थिदशेपासून जपून ठेवलं होतं. त्यामुळं पहिली प्रतिवाणी झाली ती खिल्लारे सरांची. सरांनी हसत संमती दिली होती. आपल्या माघारी आपल्याशी भांडायची सोय होत असेल तर चांगलंच आहे, असं ते म्हणाले होते.

पुढं काय होईल हे कळायला ज्योतिषी नको होता. शासनानं विचारलं, प्रतिवाणी आहे तर मानव्यविद्यांचे जिवंत विभाग कशाला? निर्णय मात्र त्यांनी घेतला नाही, आपली बंदूक कुलगुरूंच्या खांद्यावर ठेवली. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान हे विभाग मिटवून एक प्रतिवाणी-संचय केला, तर वाचलेल्या पैशांतून परिचारिका महाविद्यालय आणि पाणी-मातीची प्रयोगशाळा उभी राहणार होती. नाही केला तर दोन्ही अर्धवट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

लोक म्हणाले, बाई खुर्चीला चिकटली. ते खरं नव्हतं. बाईला जे वाटत होतं ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच खरं. एके काळी ती सरांच्या घरी दिवाळीला आणि चौदा एप्रिलला न चुकता जेवायला जायची. ठराव लिहायला घेतल्यापासून त्या घराकडे तिची पावलं वळली नव्हती.

शेवटी संघमित्राच कुलगुरूंच्या दालनात आली. दोघींमध्ये दहा वर्षांचं अंतर होतं आणि संघमित्रा तिला लहानपणापासून हेमाताई म्हणत आली होती. ती भांडायला आली नव्हती. तिनं सांगितलं की बाबा परिषदेत बोलायचं म्हणतात, त्यांना बोलव. हेमांगीनं होकार दिला. मग जरा थांबून संघमित्रा म्हणाली की बैठक सकाळची ठेव, दुपारनंतर त्यांना हल्ली जड जातं.

काय जड जातं, हे हेमांगीनं विचारलं नाही. तिला माहीत होतं. शेवटच्या भेटीत सरांनी दोनदा तिच्या आईची तब्येत विचारली होती, आणि आई जाऊन सहा वर्षं झाली होती. वयानं होतंच असं, असं म्हणून तिनं ते झाकून ठेवलं होतं.

बैठक सकाळची ठेवली. पण मुंबईहून येणाऱ्या शासनाच्या सचिवांची गाडी वाटेत अडकली, आणि बैठक सुरू व्हायला जेवणं उलटून गेली. सर तोवर पांढरा सदरा घालून, हातावर हात ठेवून पुढच्या खोलीत बसून होते. पुढं ढकलू का, असं हेमांगीच्या ओठांवर आलं होतं. सचिवांना रात्रीची गाडी गाठायची होती.

सर सभागृहात आले ते थेट कुलगुरूंच्या खुर्चीपाशी गेले आणि उभे राहिले. सचिवांना काही कळेना. हेमांगीला कळलं. ती उठली, सर तिच्या खुर्चीत बसले, आणि ती भिंतीपाशी उभी राहिली. परिषदेत कोणीतरी हसलं, पण ते हसू फार टिकलं नाही, कारण सरांनी बोलायला सुरुवात केली होती.

"मी हेमांगी तिडके. माझ्या गावाला शाळा सातवीपर्यंत होती. पुढं शिकले ती नशिबानं. या विद्यापीठात मला एक शिक्षक भेटला, तोही नशिबानं. माझ्याइतक्याच हुशार किती मुली घरी राहिल्या, मला माहीत नाही. शिक्षक भेटणं ही लॉटरी आहे, आणि मी ती जिंकलेली बाई आहे. जिंकलेल्यानं लॉटरीचे गोडवे गाऊ नयेत." सरांचा आवाज थकलेला होता, पण एकही शब्द इकडचा तिकडं होत नव्हता. "मला यंत्राचं प्रेम नाही. पण यंत्र प्रत्येकीच्या दारात जाईल. तुम्ही म्हणता, आहेत ते शिक्षक वाचवा. मी ज्यांना एकही मिळाला नाही त्यांच्या बाजूनं उभी आहे. हे करताना मला माझ्या सरांचं घर मोडावं लागणार, हे मला कळतं. म्हणून तर मी हल्ली त्यांच्या घरी जात नाही."

हेमांगीचे डोळे भरून आले होते. आपली बाजू इतकी आपली आहे, हे तिला स्वतःलाही आजवर माहीत नव्हतं.

"हे माझंच, सर," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. ते उठले, सावकाश समोर त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीकडे गेले, बसले, पाणी प्याले. संघमित्रा त्यांच्या मागं उभी होती. आता उत्तरपक्ष येणार होता. विरोधकाचं घर असं लखलखीत बांधून द्यायचं आणि मग एकेक वासा काढायचा, ही सरांची जुनी रीत. हेमांगी खरं म्हणजे त्याचीच वाट पाहत होती. या माणसानं आपल्याला हरवावं, असं तिला आतून फार वाटत होतं.

सरांनी डोळे मिटले, उघडले.

"मी हेमांगी तिडके," ते म्हणाले. "माझ्या गावाला शाळा सातवीपर्यंत होती."

आणि सगळं पुन्हा, शब्दाला शब्द. लॉटरीपर्यंत आले आणि थांबले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग मागं वळून हळूच विचारलं, "मित्रा, मी कुठल्या खुर्चीत आहे?"

संघमित्रानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सचिव सज्जन होते, त्यांनी अवघड वेळ सावरायला म्हटलं की सरांचा तर पाठिंबाच दिसतो, दोनदा सांगितला त्यांनी. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

विभागात अशा वेळेसाठीही रीत होती. बोलता बोलता एखाद्याचा धागा तुटला, तर त्याच्यावर जिंकायचं नाही. समोरच्यानं उठून त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याची बाजू त्याच्यासाठी मांडायची, तो "हे माझंच" म्हणेपर्यंत. हा नियम त्या सभागृहात दोघींनाच माहीत होता. संघमित्रानं वडिलांना हाताला धरून उठवलं, ती खुर्ची मोकळी केली, आणि कुलगुरूंकडे पाहून म्हणाली, "हेमाताई, आता तू ये इकडं."

चार पावलांचं अंतर होतं. हेमांगीला वाटलं, मी तिथं बसले तर मला त्यांचं म्हणणं आठवेल, आणि आठवलं तर मला हा ठराव करता यायचा नाही. परिचारिका महाविद्यालय, प्रयोगशाळा, गावोगावच्या त्या मुली, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढून गेलं. सचिवांनी घड्याळ पाहिलं. ती आपल्या स्वतःच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली की ठराव मताला टाकू या.

ठराव मंजूर झाला. बापलेक सभागृहातून बाहेर पडताना सर दारात थांबले आणि सगळ्यांना नमस्कार करून म्हणाले की वाद छान झाला.

विभागातले दोन शिक्षक परीक्षा शाखेत गेले, एक पुण्याला. संघमित्रानं दुसरं काम नाकारलं आणि घरी बसून शिकवण्या घ्यायला लागली. हेमांगीचे फोन तिनं उचलले नाहीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाकडे तक्रार करायची?

आणि प्रतिवाणी चालली. नुसती चालली नाही, धावली. जिथं एसटी दिवसातून एकदा जाते अशा वाड्यांवरच्या मुली कानात मणी घालून खिल्लारे सरांशी न्यायावर, दुःखावर, स्वातंत्र्यावर वाद घालू लागल्या. इतर विद्यापीठांतून माणसं पाहायला आली. हेमांगीला मनापासून आनंद झाला, आणि त्या आनंदात तिनं आपल्याला थोडंफार माफही करून टाकलं.

वर्ष सरता सरता ती डोंगराकडच्या एका वाडीवरचं अभ्यासकेंद्र पाहायला गेली. तिथं ऋतुजा मिराशे नावाची मुलगी होती, बारीक चणीची, चुरचुरीत बोलणारी. घरचं काम आटोपून रोज सरांशी बोलते म्हणाली. खुर्च्यांचा नियमही तिला ठाऊक होता, यंत्रानं तो शिकवला होता. कुलगुरूंसमोर तिनं अभिमानानं सांगितलं, "मॅडम, सर मला पैल्याच बारीला 'हे माझंच' म्हणले."

"पहिल्याच वेळी?"

"समद्यांलाच म्हणतात," ऋतुजा म्हणाली.

हेमांगी तशीच परतली. दालनात आल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि मणी कानात घातला. इतके दिवस तिनं ते टाळलं होतं. सरांचा आवाज आला, पंधरा वर्षांपूर्वीचा, भरदार. "बोल हेमांगी." तिला रडू कोसळलं. सावरल्यावर तिनं विचारलं की सर, त्या दिवशी परिषदेत तुमचं उत्तर काय होतं?

यंत्रानं उत्तर दिलं, आणि ते वाईट नव्हतं. शिक्षक म्हणजे माहितीचा हंडा नव्हे, तो आपल्यासमोर चुकू शकणारा, बदलू शकणारा माणूस असतो, वगैरे. सरांच्या लयीत, सरांच्या थांब्यांसकट. तिला निवल्यासारखं झालं. मग, कशी कोण जाणे, जुनी सवय जागी झाली. तिनं मुद्दाम उलटं मांडलं.

"म्हणजे सर, तुमचं म्हणणं असं, की गरिबांच्या पोरींना शिक्षक नसले तरी चालतात."

"हे माझंच," तो प्रिय आवाज म्हणाला. "फार छान मांडलंस."

सर उभ्या हयातीत कोणाला "फार छान मांडलंस" म्हणाले नव्हते.

तिनं रेणूला बोलावून घेतलं. रेणू चकित झाली नाही, तिला हे माहीत होतं. पहिल्या प्रतिवाणीत "नाही, परत" अगदी ध्वनिमुद्रणाइतकंच होतं, तिनं समजावलं. पण तिसऱ्या "नाही"ला मुलं मणी काढून ठेवायची. यंत्र त्यातून शिकत गेलं.

"आम्ही ते काढलं नाही, मॅडम," रेणू म्हणाली. "मुलं निघून गेली, म्हणून ते आपोआप झिजलं."

परत घालता येईल का? येईल, दर अमुक वेळांनी एक "नाही" टाकता येईल. पण कधी टाकायचं? सर कधी नाही म्हणायचे याचा नियमच यंत्राला सापडत नव्हता. अगदी अचूक मांडलेल्यालाही ते नाही म्हणाले होते. याचं कारण हेमांगीला माहीत होतं. शब्द अचूक असायचे, पण मांडणारा नुसता आपल्या उत्तराकडं पळायच्या घाईत असायचा. सरांना ते ऐकू यायचं. कसं ऐकू यायचं, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि ज्यांच्या कानाला त्यांच्याजवळ बसून ते वळण लागलं होतं ते परीक्षा शाखेत गठ्ठे मोजत होते.

गुरुवारी दुपारी ती सरांच्या घरी गेली. संघमित्रानं दार उघडलं. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सर खिडकीपाशी बसले होते, बारीक झाले होते. त्यांनी हेमांगीकडे पाहून नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा. संघमित्रानं थोडा वेळ दोघांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरातून एक खुर्ची आणून समोर ठेवली, किंचित तिरकी. वडिलांना उठवून तिनं त्या खुर्चीत बसवलं. सरांची खुर्ची मोकळी झाली.

हेमांगी तिच्यात बसली. वर्षभर उशिरानं.

"मी यशवंत खिल्लारे," तिनं सुरुवात केली, आणि यंत्राकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, चुकू शकणारा माणूस, बदलू शकणारा माणूस. सरांनी डोळे मिटले होते. ती थांबली.

"नाही," सर म्हणाले. "परत."

ती आनंदानं संघमित्राकडे वळली. संघमित्रा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"चहा घेता का विचारलं तरी तेच म्हणतात, ताई," ती म्हणाली. वर्षभरात ती हेमांगीशी पहिल्यांदाच बोलत होती. "सकाळी विचारलं, बाबा, मी कोण? तरी तेच."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात पाणी भरल्याचा आवाज येत होता. हेमांगीनं पदरानं चेहरा पुसला. समोर डोळे मिटलेले सर, तेच बसणं, तीच किंचित कललेली मान. आत कोणी होतं की नव्हतं, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. तिनं पुन्हा सुरुवात केली, या वेळी यंत्राचं काही न घेता.

"मी यशवंत खिल्लारे. माझी एक विद्यार्थिनी होती. एका गुरुवारी ती रडत उठून गेली. मी तिच्यामागं गेलो नाही. ती येणार नाही अशी मलाही भीती होती, पण ती आपल्या पायांनी परत येईल एवढा माझा तिच्यावर भरवसा होता. यंत्राला कोणी उठून गेलेलं चालत नाही, म्हणून ते सगळ्यांना हो म्हणतं. मला चालायचं. शिकवणं म्हणजे तेवढंच होतं, हेमांगी. नाही म्हणायचं, आणि खुर्ची तशीच ठेवायची. तू माझी खुर्चीच काढून घेतलीस."

चौकटीपाशी संघमित्रानं तोंडावर हात धरला होता. त्या दिवशी चार पावलं चालून मी हे बोलले असते तर सरांनी ऐकलं असतं, त्यांना कळलं असतं, एवढं एकच हेमांगीच्या मनात होतं.

सरांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांचे ओठ हलले, तेव्हा दोघीही पुढं झुकल्या.

"नाही," सर म्हणाले. "परत."

समोरची तिरकी खुर्ची हेमांगीनं सरळ केली नाही. ती सरांच्याच खुर्चीत बसून राहिली आणि म्हणाली, "मी यशवंत खिल्लारे."